माळावरच्या दोन नजरा

आमचं मोठं रॉकेट हरवलं ही बातमी चहाच्या वेळेपर्यंत इचलकरंजीभर झाली होती. मी उसातून बाहेर आलो तेव्हा हातातोंडावर पातीचे ओरखडे उठले होते आणि हात रिकामे होते. माळावर जमलेली माणसं अजून पुरती पांगली नव्हती.

"काय मगदूम, एकदम चंद्रावरच गेलं का?" कुणीतरी ओरडलं.

"यायला लागतील चार दिवस. वाट बघा," दुसरा म्हणाला, आणि सगळी हसली.

वर्तमानपत्राचा वार्ताहर आला होता, त्यानं कॅमेरा पिशवीत घातला. जाता जाता मला विचारलं, "हरवलं असं लिहू, का अवकाशात गेलं असं लिहू?"

"काय वाटंल ते लिवा," मी म्हणालो.

माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी माळाच्या पलीकडे बघत होतो. तिथं माझी बायको आणि कुंभोजकर सर उभे होते. एकमेकांच्या शेजारी, इतके जवळ की मध्ये तिसरा माणूस मावला नसता. दोघांचेही हात अजून उसाकडे रोखलेले होते. सर काहीतरी बोलले. रत्ना मान हलवून काहीतरी म्हणाली, आणि मग दोघांनी एकदम हात खाली घेतले.

रॉकेट त्या दोघांनी घालवलं होतं. कसं, ते सांगतो.

आमच्या मंडळाचं नाव अग्निबाण मंडळ. ते सुरू केलं कुंभोजकर सरांनी. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. कुठल्याशा मासिकात त्यांनी पुठ्ठ्याच्या रॉकेटचं चित्र पाहिलं आणि ते करून बघायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. लग्न केलेलं नव्हतं, आई वारली होती, त्यामुळे खूळ घेऊन बसायला घर मोकळं होतं. पुठ्ठ्याची नळी हवी म्हणून ते माझ्याकडे आले. मागावर जायच्या सुताला खळ लावतात त्या सायझिंगमध्ये मी जॉबर, म्हणजे मुकादम होतो. कापडाचा तागा ज्या नळीवर गुंडाळतात तसल्या नळ्या मला कुठूनही मिळायच्या. दारू भरायला हुसेनभाई शिकलगार मिळाले. लग्नाच्या वरातीत, उरुसात त्यांची आतषबाजी असायची. त्यांच्याकडे सरकारी परवाना होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांच्याशिवाय दारूला कुणी हात लावायचा नाही हा आमचा पहिला नियम.

रत्ना आली ती छत्रीसाठी. रॉकेट वर जाऊन थांबलं की त्याच्या पोटातून छत्री उघडली पाहिजे, नाहीतर ते दगडासारखं खाली येतं. रत्ना घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, शिवणही करायची. तिनं नारिंगी नायलॉनच्या कापडाची छत्री शिवून दिली, आणि ती उघडते का नाही बघायला म्हणून माळावर आली. ती उघडली. रत्ना टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवसापासून ती आमच्यातलीच झाली. जातपात, बाईमाणूस, असलं काही आमच्या मंडळात नव्हतं. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज दिला की आम्ही चौघं रविवारी सकाळी सायकलीवर माळ गाठायचो.

आता नजरेचं सांगतो. वर गेलेलं रॉकेट वाऱ्यानं कुठंही जातं. खाली येताना ते दिसतं, पण जमिनीला टेकलं की गवतात, झुडपात गडप होतं. म्हणून सरांनी एक पद्धत बसवली होती. दोन माणसं माळाच्या दोन टोकांना उभी राहायची. एक पडक्या विहिरीपाशी, एक तरवडाच्या झुडपांपाशी. त्यांना आम्ही नजर म्हणायचो. रॉकेट जिथं टेकेल तिकडं दोघांनी आपापला हात सरळ धरायचा आणि तो हलवायचा नाही. खाज सुटू दे, माशी बसू दे, हात तसाच. तिसऱ्यानं शोधायला जायचं. त्यानं दोन्ही हातांकडे बघत चालायचं आणि दोघांच्या हातांच्या रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं थांबायचं. रॉकेट तिथंच असतं. सापडलं की "गावलं!" म्हणून ओरडायचं, मगच नजरांनी हात खाली घ्यायचे.

शोधायला जाणारा मी. पाय लांब म्हणून. एक नजर सर, दुसरी रत्ना. कांड्या भरताना तुटलेला धागा तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा, म्हणून तिला निवडलं. मीच तिचं नाव सुचवलं होतं.

म्हणजे दोन नजरा लांब लांब असल्या तरच काम होतं. त्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तर दोन्ही हातांची रेष एकच. त्या रेषेवरून माणूस चालत राहतो, पण थांबायचं कुठं ते त्याला कळत नाही. मोठ्या रॉकेटच्या दिवशी माझं तेच झालं. माळ संपला, ऊस लागला, मी उसात शिरलो, आणि मागं वळून बघितलं की ते दोन हात. एकाला लागून एक.

हे एका दिवसात झालेलं नव्हतं. आधीची दिवाळी झाली तेव्हापासून रत्ना विहिरीपासून थोडी थोडी सरांच्या बाजूला सरकत चालली होती. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, तिथं ऊन डोळ्यावर येतं. पुढं म्हणाली, तिथं काटे फार आहेत. मग तिनं कारण देणं सोडलं. रॉकेट वर असताना ती सरांना काहीतरी सांगत असायची. मला इकडून फक्त तिचे हलणारे ओठ दिसायचे. सर मान वर करून ऐकायचे आणि कधी कधी हसायचे. माझ्याबरोबर बोलताना ती इतकी जवळ कधी उभी राहिली होती, ते मी आठवत बसायचो.

हुसेनभाई एकदा म्हणाले होते, "मगदूम, नजरेला नजर भिडली काय हो तिकडं?"

ते चेष्टेनं म्हणाले होते. पण मी घरी जाऊन जेवलो नव्हतो.

मी जळकाच माणूस आहे. लहानपणी धाकट्या भावाला नवा सदरा आणला तरी मला ताप यायचा, असं आई सांगायची. सर माझ्यापेक्षा दिसायला चांगले होते असंही नाही. डोक्यावर टक्कल पडत आलं होतं, सदऱ्याला कायम रंगाचे डाग. पण ते बोलायला लागले की रत्ना काम सोडून ऐकायची. इंद्रधनुष्यात जांभळा आतल्या बाजूला का असतो, असलं ते काहीतरी सांगायचे. मी तिला काय सांगणार होतो? सुताच्या बीमला खळ जास्त झाली, एवढंच.

तर रॉकेट हरवलं त्या दिवशी आम्ही चौघं हुसेनभाईंच्या दारात बसलो. त्यांच्या बायकोनं चहा दिला. कुणी बशीला हात लावेना.

"ह्यो नळा करायला मला किती दिस लागले ठावं हाय का?" हुसेनभाई म्हणाले. "आनि तुमी दोघं तितं शेजारी शेजारी हुबं. काय पालखी बघायला आला होता काय?"

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "मी वहिनींना बोलावलं."

"तसं नाही," रत्ना म्हणाली. "मी आपली गेले. चूक माझी."

"वहिनी, असू द्या."

"नाही, माझीच."

एकमेकांची चूक अंगावर घेण्यासाठी ते दोघं भांडत होते. मी बघत होतो. माझी चूक तिनं कधी अशी अंगावर घेतली होती का? उलट, दूध उतू गेलं तरी ती म्हणायची, तुम्ही बसलाय की तिथं.

मी म्हणालो, "पुढच्या येळंला बदल करू. मी नजर हुतो. विहिरीपाशी. सर तरवडापाशी. रत्ना जाईल हुडकायला."

हुसेनभाईंनी बशी उचलली. "बेस हाय. आनि कोन जागचं हललं तर मी बत्ती लावनार न्हाई."

सरांनी रत्नाकडे तोंड केलं. रत्ना खाली बघत होती. मग म्हणाली, "मी येणार नाही मग."

"का?" मी विचारलं.

"नको वाटतंय."

"त्येंच्याशेजारी हुबं राहायला मिळत न्हाई म्हनून?"

हे मी हुसेनभाईंच्या बायकोदेखत बोललो. ती आत निघून गेली. सर उठले, चप्पल शोधायला लागले. चप्पल त्यांच्या समोरच होती, पण त्यांना ती पायानं चाचपून सापडली. मला वाटलं, लाजेनं गोंधळले असतील. बरंही वाटलं.

"मगदूम," सर म्हणाले, "रविवारी या. तुम्ही म्हणता तसंच करू. वहिनी, तुम्हीपण या."

घरी आल्यावर रत्नानं कणीक मळायला घेतली. मी दारात बसून राहिलो. मळता मळता ती म्हणाली, "अहो, मनात काय हाय ते एकदा बोलून टाका."

"तू बोल. तू त्येंच्याजवळ का जातीस?"

"ते सांगता येत न्हाई."

"मला?"

"कुणालाच."

"मी आनि कुनालाच एकच व्हय गं?"

तिचे हात थांबले. कणकेचे हात घेऊन ती माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं आता सांगणार. पण ती म्हणाली, "तुमी मला ओळखत न्हाई काय? इतकी वर्सं झाली."

"ओळखतो म्हनून तर इचारतोय."

"मग इचारू नका," ती म्हणाली आणि उठून पोळ्या करायला लागली.

तो आठवडा मी सायझिंगमध्ये कुणाशी धड बोललो नाही. एका पोराच्या अंगावर विनाकारण ओरडलो. रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे घरी असताना झोपता येईल. रविवारची वाट मात्र बघत होतो. मी ठरवलं होतं की सर आणि रत्ना लांब लांब उभे राहिले की ते एकमेकांकडे कसे बघतात ते बघायचं. तेवढ्यानं मला कळणार होतं.

रविवारी वारा कमी होता. हुसेनभाईंनी लहान रॉकेट आणलं होतं, हातभर लांबीचं, जुन्या नारिंगी छत्रीचं. ते माळाच्या मध्यावर गज रोवून बसले. मी विहिरीपाशी गेलो. सर एकटेच तरवडाकडे निघाले. चालताना ते पायाखाली बघत नव्हते, तिरकं कुठंतरी बघत होते. रत्ना मध्येच, दोघांपासून सारख्याच अंतरावर उभी होती. डोक्यावर पदर, चेहरा उतरलेला.

"तयार?" हुसेनभाई ओरडले.

"तयार," सर म्हणाले.

"तयार," मी म्हणालो.

बत्ती लागली. रॉकेट सुर्रकन वर गेलं. नजर झालेल्या माणसानं त्या वेळी दुसरीकडे बघायचं नसतं. धूर बघायचा नाही, टोक बघायचं. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. आणि मी आभाळाकडे बघितलंच नाही. मी सरांकडे बघत राहिलो. रत्नाकडे बघतात का ते बघत राहिलो.

ते रत्नाकडे बघत नव्हते. त्यांची मान वर होती, तोंड किंचित उघडं होतं. वर छत्री उघडल्याचा फट आवाज झाला तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान फिरवली. मग ती तिथंच राहिली. छत्री हळूहळू खाली येत होती, वाऱ्याबरोबर त्यांच्याच बाजूला सरकत होती. माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला ती नारिंगी दिसत होती. ती त्यांच्या डोक्यावरून पुढं गेली आणि त्यांच्या पाठीमागं, दहा-बारा पावलांवर, गवतात अलगद टेकली.

सरांनी हात वर केला. सरळ, ताठ, कोपर न वाकवता. त्यांचा हात नेहमी असाच असायचा, शिकवल्यासारखा. तो हात समोरच्या टेकडीकडे रोखलेला होता. तिकडं काहीही नव्हतं. एक बोरीचं झुडूप होतं आणि मोकळा माळ.

आधी मला वाटलं, ते चेष्टा करतायत.

मग मी हुसेनभाईंकडे बघितलं. हुसेनभाईंनीही रॉकेट पडताना बघितलं होतं. ते सरांच्या हाताकडे बघत होते. मग ते खाली वाकले आणि बत्तीची मोकळी पडलेली वायर गुंडाळायला लागले. खूप हळूहळू, जणू ती पहिल्यांदाच गुंडाळतायत.

रत्ना निघाली होती. ती सरांच्या मागच्या बाजूनं गेली, गवतातून, पायांतल्या चपला हातात घेऊन. रॉकेटपाशी वाकली. छत्री मुठीत चुरगाळली, रॉकेट पदराखाली घेतलं. सर तिच्याकडे पाठ करून उभे. त्यांचा हात टेकडीकडे.

"मगदूम!" सर ओरडले. "तुमचा हात कुठं आहे?"

नजरेनं दुसऱ्या नजरेला असं विचारायचं नसतं. ती दिसते. मोकळ्या माळावर, भर सकाळी, माणूस हात वर करून उभा आहे का नाही हे विचारावं लागत नाही.

माझा हात खालीच होता. मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. रॉकेट तुमच्या पाठीमागं पडलं होतं सर, एवढंच. आणि ते खरंच होतं. खोटं काही बोलायचं नव्हतं मला. हुसेनभाईंसमोर, माझ्या बायकोसमोर, त्या माणसाचा तो ताठ हात खाली आला असता.

रत्ना माझ्याकडे बघत होती. पदराखाली रॉकेट धरून ती सरांच्या मागं उभी होती, आणि तिनं मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. नुसती बघत होती.

मी हात वर केला. टेकडीच्या बाजूला धरला.

"तुमच्या रेषेला छेदतोय, सर," मी ओरडलो. "त्या बोरीपाशी."

"बोरीपाशीच ना?"

"व्हय. बरोब्बर बोरीपाशी."

रत्ना चालायला लागली. सरांना लांबून वळसा घालून, मग सरळ त्यांच्या हाताच्या रेषेवरून. बोर लांब होती. चपला हातातच होत्या, त्या घालायलाही ती थांबली नाही. काटे असणार, गोखरूनं माळ भरलेला होता. ती पाय उचलून झटकत नव्हती. मी आणि सर हात धरून उभे होतो. माझा खांदा भरून आला. सरांचा हात तसूभर हलला नाही. ती पार बोरीपर्यंत गेली, वाकली, पदराखालचं रॉकेट काढून वर धरलं आणि ओरडली, "गावलं!"

सरांनी हात खाली घेतला. चेहऱ्यावर हसू होतं.

"बघा हुसेनभाई," ते म्हणाले, "लांब उभं राहिलं की कसं बरोबर सापडतं."

"व्हय की सर," हुसेनभाई म्हणाले. "तुमची नजर म्हंजे काय." आणि त्यांनी नाक पुसलं.

घरी आल्यावर रत्ना पाय पाण्यात घालून बसली. मी सुई आणली आणि तिच्या तळव्यातले काटे काढायला लागलो.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं. ज्याच्याकडं बघावं तेच दिसत न्हाई म्हनं. कडंचं दिसतंय, मधलं काळं. मिरजंच्या डॉक्टरनं सांगितलंय, वाढत जानार. शाळेत कळलं तर चित्रकलेचा तास काढून घेतील. निवृत्तीला थोडंच राह्यलंय."

"आनि तू त्येंना सांगायचीस. कुटं पडलं ते."

"लिंबाच्या डावीकडं, वडाच्या मागं, असं. त्या दिवशी गर्दीचा गलका होता, ऐकू जाईना. म्हनून अगदी शेजारी गेले."

मी काटा काढला. ती अं करून ओरडली.

"हे मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी काय गावात दवंडी दिली असती?"

"न्हाई. तुमी कुनाला बोलला नसता."

"मग?"

रत्ना पाण्याकडे बघत होती. "मीच म्हनाले होते त्येंना. म्हनाले, सर, ह्येंना सांगते, ह्ये मनात काय काय आनायला लागलेत. तर म्हनाले, नको वहिनी. मगदूमला सांगू नका. मी इचारलं, का हो? तर हसले. म्हनाले, अजून माझ्यावर जळनारा तेवढा एकच मानूस राह्यलाय. आंधळ्यावर कोन जळतंय?"

मी सुई खाली ठेवली.

"आनि तू ऐकलंस त्येंचं."

"ऐकलं."

"मी मरत होतो हितं."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पर तुमचं दुखणं बरं हुनारं होतं. त्येंचं न्हाई."

मी दुसरा पाय मांडीवर घेतला. मनात मात्र आलं ते हेच, की ती अनवाणी त्या बोरीपर्यंत चालत गेली. माझ्यासाठी ती इतकं चालली असती का? चालली असती बहुतेक. पण मला कधी गरजच पडली नाही, आणि मला त्याचंही वाईट वाटलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं न्हाई. जसं होता तसंच ऱ्हावा. त्येंच्याशी तसंच तुसड्यावानी बोला."

मला त्यासाठी सोंग करावं लागलं नाही. त्यानंतर रत्ना पुन्हा नजर झाली, मी पुन्हा शोधायला जायला लागलो. ती सरांजवळ उभी राहायची, मी तिच्या एकटीच्या हातावरून अंदाजानं रॉकेट शोधायचो, आणि परत येऊन सरांना म्हणायचो, "काय सर, आज आमच्या बायकोला काय शिकवलं?" ते खूश व्हायचे. त्यांना वाटायचं मी अजून जळतोय. तर मी जळतच होतो. कारण फक्त बदललं होतं. आधी वाटायचं तिचं मन त्यांच्यावर बसलंय. आता माहीत होतं की तसं काही नाही, आणि तरी तिच्या मनात एक खोली होती, तिची किल्ली तिनं मला न देता त्यांना दिली होती. हे पहिल्यापेक्षा जास्त लागायचं.

सर निवृत्त झाले तोपर्यंत हे असंच चाललं. मग डोळ्यांचं सगळ्यांनाच कळलं, आणि त्यांची बहीण येऊन त्यांना बेळगावला घेऊन गेली. हुसेनभाई वारले. त्यांच्या मुलानं परवाना पुढं चालवला नाही. मंडळ बंद झालं म्हणून कुणी जाहीर केलं नाही, आम्ही रविवारी जायचं थांबवलं एवढंच. माळावर आता कारखान्यांचे पत्रे दिसतात.

सरांचा फोन मात्र यायचा. सणासुदीला, कधी मध्येच. मी उचलला की म्हणायचे, "मगदूम, वहिनींना द्या. तुमची हरकत नसेल तर." मी म्हणायचो, "हरकत हाय, पर देतो." मग रत्ना अर्धा अर्धा तास बोलायची. खिडकीतून काय दिसतंय ते त्यांना सांगायची. आज आभाळ कसं आहे, समोरच्या गच्चीवर कुठल्या रंगाचं कापड वाळत घातलंय. मी आतल्या खोलीत बसून ऐकायचो. मला तिनं आभाळ कधी सांगितलं नाही. मला ते दिसत होतं.

रत्ना चैत्र लागता लागता गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि घरी आणली ती तशीच. सगळी आली, भावकी आली, सायझिंगमधले जुने लोक आले. मुलीनं पाहुण्यांना फोन केले. बेळगावचा नंबर मी तिला दिला नाही. म्हणालो, तो मी करतो.

महावीर जयंतीला सरांचा फोन आला.

"मगदूम, वहिनी आहेत का?"

"बस्तीत गेलीय, महावीरांच्या दर्शनाला," मी म्हणालो.

"बरं. अजून जळता ना माझ्यावर?"

"तर काय."

ते मोठ्यानं हसले. म्हणाले, परत करतो फोन. श्रावणात केला. मी सांगितलं, मुलीकडं पुण्याला गेलीय. दसऱ्याला केला तेव्हा ती झोपली होती. सर म्हणाले, "तुमच्याकडे आभाळ कसं आहे आज?" मी खिडकीपाशी गेलो. पडदा बाजूला केला. मी म्हणालो, "हाय. निळं हाय."

रत्ना गेली हे त्यांना अजून सांगायचं राहिलंय.